घंटेला कोण आलं

पेनालोंगाला पाव पोचवणं हा धंदा नव्हे, खोड आहे. माझा नवरा ओदिलो भट्टीपाशी पीठ मळता मळता रोज तेच म्हणायचा, "दोसिंदा, त्या डोंगरावरच्या चार म्हाताऱ्यांपायी तू जेवढं डिझेल जाळलंस, तेवढ्यात नवी भट्टी आली असती." मी म्हणायचे, "तू पीठ मळ." आमच्याकडे लोक झोपताना दाराच्या कडीला कापडी पिशवी अडकवून ठेवतात. सकाळी मी हॉर्न वाजवते, पिशवीत पाव टाकते आणि पुढे जाते. ज्या दाराला पिशवी नाही, त्या घरातलं माणूस एक तर पोरांकडे गेलंय, नाही तर देवाकडे. पेनालोंगातल्या पिशव्या माझ्या डोळ्यांदेखत एकेक करून गेल्या. शेवटी दोनच उरल्या: एक अमादोर आणि सेल्साची, दुसरी एर्मितासमावशीची.

एर्मितासमावशीची पिशवी निळ्या चौकटीची. ती कधी कडीला टांगलेली नसायचीच, कारण मावशी स्वतः ती हातात घेऊन दारात उभी. "आलीस का गं भवाने? मला वाटलं, गहू पेरायला गेलीस." रोज हेच. मी पाव हातात दिला की ती त्याच्या पाठीवर टकटक करून कान लावायची. आवाज पोकळ आला तर पाव बरा भाजलाय. नाही आला तर माझी आणि ओदिलोची सात पिढ्यांसकट पूजा.

कानाची एवढी तिखट, कारण ती घंटावाली. तिचा बाप घंटावाला होता. बापाला मुलगाही होता, पण दोर त्याने मुलीच्या हातात दिला, कारण मुलगा ताल धरायचा नाही. उंच, वाळकी बाई, पण मनगटं बघावीत तर लोहाराची. चर्चच्या मनोऱ्यात दोन घंटा, थोरली आणि धाकटी. माणूस गेलं की थोरली, एकेक ठोका, मध्ये श्वास घ्यायला जागा सोडून. प्रार्थनेला धाकटी. आणि डोंगराला आग लागली की दोन्ही एकदम, न थांबता, हात गळून पडेपर्यंत.

त्या आगीच्या घंटेचा आमच्या खोऱ्यात एक कायदा आहे. कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच कोणी मोडत नाही. ज्याच्या कानावर ती पडली त्याने हातातलं काम टाकून यायचं. कुदळ असेल तर कुदळ, नाही तर ओली फांदी तोडून आग झोडपायची. ताट पुढ्यात असेल तर ताट सोडायचं. बांधावरून कोर्टात भांडणारे दोन भाऊ आगीपुढे खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले मी लहानपणी पाहिलेत. आग विझली की लगेच पुन्हा शिव्या सुरू. जो आला नाही, त्याच्या शवपेटीला गावाने खांदा द्यायचा नाही. आणि घंटावाल्याला एकच बंधन: खोटी वाजवायची नाही आणि वाजवायची चुकवायची नाही. आग दिसली की दोर ओढायचा, कोण येईल कोण नाही हे त्याने बघायचं नाही.

या फौजेचा सेनापती मावशीचाच धाकटा भाऊ, देल्मिरो. ताल नसलेला. पण आग कुठे वळणार हे त्याला कळायचं. कोणी झोडायचं, कोणी जमीन खरवडून पट्टा मोकळा करायचा, हे तो नुसत्या हाताने दाखवायचा. मग पाटीच्या दगडाच्या खाणीत जन्म घालवून त्याची फुफ्फुसं दगड झाली. त्याची मुलगी उशिया त्याला खाली पोन्तेदोराला घेऊन गेली. बाजारगाव ते, माझी भट्टीही तिथेच. नाकाला नळी, पलंगाशेजारी घरघरणारं यंत्र, पुढे बाल्कनी. बाल्कनीतून पेनालोंगाचा मनोरा दिसतो. पाखराला काही नाही, रस्त्याने मात्र वळणावर वळणं.

रविवारी बहीण-भाऊ फोनवर बोलायचे. पेनालोंगात मोबाईलला रेंज फक्त चर्चमागे, बेनिग्नो सावकाराच्या थडग्यावर उभं राहिलं तरच. मावशी त्याच्या छातीवर पाय रोवून उभी राहायची आणि म्हणायची, "जिवंतपणी याने कोणाला फुकट काही दिलं नाही, आता देऊ दे." मी जवळ असले तर दोघांचं बोलणं सगळं ऐकू यायचं, कारण देल्मिरोला दम नसला तरी आवाज होता.

"ताई, एकटी आहेस. खाली ये."

"आणि दोर कोण ओढणार? तू?"

"पाद्र्याने विजेची घंटा बसवलीय ना?"

"तिला आगीची येत नाही. मी विचारलं त्याला. म्हणतो, आता आगीची कोण वाजवतं? मेला शहाणा!"

"बरं बाई, ओढ तू. तू नुसता दोर हलव, मी घरातल्या सपाता घालून सुद्धा येईन."

"ये ये. नळीसकट ये. आगीला फुंकर घालायला बरा आहेस."

आणि दोघं हसायची. तो हसता हसता खोकायचा आणि मग उशिया फोन काढून घ्यायची. दर रविवारी हीच सपातांची थट्टा. मलाही पाठ झाली होती.

आता सरकारचं सांगते. माद्रिदचं नव्हे, ते लांब राहिलं. आमच्या प्रदेशाचं वेगळं सरकार आहे आणि डोंगर, जंगल, आग सगळं त्याच्याकडे. ते काही करत नाही असं म्हटलं तर माझी जीभ झडेल. करतं, पुष्कळ करतं. हेलिकॉप्टर आहेत, पिवळ्या कोटातली पथकं आहेत, राजधानीत एक खोली आहे, तिथे भिंतभर पडद्यांवर सगळे डोंगर दिसतात म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायची सोय. आमच्या शिखरावर टेहळणीला पूर्वी माणूस बसायचा, आता खांबावर कॅमेरा आहे. कॅमेरा पाव खात नाही, म्हणजे माझं एक गिऱ्हाईक तेवढं गेलं. हेलिकॉप्टरने पाणी उचलावं म्हणून गावाच्या डोक्यावर टाकी बांधली. फीत कापायला बडी मंडळी आली, आम्ही ऑक्टोपस उकडून घातला, फोटो निघाले. पुढच्याच हिवाळ्यात टाकीला चीर गेली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मग झुडपं खायला शेळ्या पाठवल्या. शेळ्या आल्या, पण शेळ्यांमागे हिंडणारं माणूस कुठून आणणार? लांडग्यांची चंगळ झाली.

एकदा बंद पडलेल्या शाळेत सभा लागली. वनखात्याची इंजिनिअर आली होती, इरिया नावाची. पोरगी चांगली होती, खोटं का बोलू? बुटांना चिखल होता आणि सेल्साने दिलेली दारू तिने नाक न मुरडता घेतली. तिने नकाशा उघडला. घराभोवती पन्नास मीटर झाडझुडूप नको, असा कायदा आहे म्हणाली.

"साफ करतो की," अमादोर म्हणाला. "कोणाची जमीन साफ करू तेवढं सांग."

इथेच सगळं अडतं. आमच्या जमिनीचे वाटण्या होऊन होऊन चादरीएवढे तुकडे झालेत. एक तुकडा ब्युनोस आयर्सला गेलेल्याचा, एक झुरिकला भांडी घासणाऱ्याचा, तिसऱ्याचा मालक बेनिग्नोच्या शेजारी झोपलेला. आणि ज्याने लावलं त्याचं झाड, मग खालची जमीन कोणाची का असेना. दुसऱ्याच्या झाडाला कोयता लावणं हे आमच्यात चोरीहून वाईट. झाडाचा मालक पन्नास वर्षांत फिरकला नसेल, पण एक फांदी तोडा, ऑगस्टात नातू येऊन वकिलाची भाषा बोलतो. असे सगळे हात बांधून बसलेले, आणि झुडपं छातीला लागलेली. पाइन, निलगिरी, काटे, वाळलेले नेचे, थेट भिंतीपर्यंत.

"मालकांना नोटिसा पाठवल्यात," इरिया म्हणाली.

"मग काय म्हणाले? बेनिग्नोशेजारच्याने काय उत्तर दिलं?"

सगळे हसले. तीही हसली, आणि मग नकाशाकडे बघत म्हणाली, "मला माहीत आहे हो. सगळं माहीत आहे. मोकळा पट्टा नसेल तर इथे आग थांबणार नाही आणि मी पट्टा करून देऊ शकत नाही. म्हणून एवढंच सांगते, आग दिसली की निघा. विझवायला जाऊ नका. मोबाईलवर संदेश येईल, त्याप्रमाणे करा."

"मोबाईल नाही, घंटा आहे आपल्याकडे," मावशी म्हणाली.

"घंटा नको, मावशी."

इरियाने धीर करून पुढे सांगितलं, "घंटा ऐकून लोक आगीकडे धावतात. पूर्वी गावात माणसं होती, डोंगर चरलेला असायचा, आग गुडघ्याएवढी असायची. आता ती पाइनच्या शेंड्यावरून येते. तिच्यापुढे फांदी घेऊन उभं राहिलेला माणूस मरतो. मला लोक आगीपासून लांब हवेत."

"बाई गं," मावशी म्हणाली, "मी दोर ओढते. धावायचं की नाही ते ज्याचं त्याने बघावं. माझ्या आजोबापासून असंच आहे."

पोरगी बरोबर बोलत होती. मला तेव्हाही कळत होतं, पण मी मावशीच्या बाजूने मान हलवली. गावातली म्हातारी एकीकडे आणि राजधानीचं ओळखपत्र गळ्यात घातलेली पोर एकीकडे असली, तर मान कुठे हलणार?

ते साल पावसाचं नव्हतंच. ऑक्टोबर उजाडला तरी दक्षिणेकडून भट्टीचं झाकण उघडल्यासारखा वारा. पिवळ्या कोटातल्या पोरांचं काम उन्हाळ्यापुरतं असतं. सप्टेंबर सरला तशी ती घरी गेली होती, कोणी द्राक्षं तोडायला, कोणी बेकार बसायला. कागदावर उन्हाळा संपला होता. डोंगराला कोणी सांगितलं नव्हतं. त्या रविवारी सकाळीच चहूकडे धूर उठला. एक खोरं नाही, दोन नाही, सगळीकडे. जेवढी हेलिकॉप्टर होती ती मोठ्या गावांवर घिरट्या घालत होती. आता त्यांनी तरी काय करावं? अंथरूण एवढंसं, पाय किती.

मी पाव घेऊन निघाले तेव्हा दुपार होत आली होती. ओदिलो म्हणाला, "आज राहू दे." मी म्हटलं, "म्हातारी उपाशी मरेल." पेनालोंगाला पोचले तर खालच्या अंगाला, मी आत्ताच चढून आले त्या रस्त्याच्या पलीकडे, धुराची भिंत उभी. माझ्यामागून पोलिसांची जीप आली. त्यातला पोरगा घामाने निथळत होता. "खालचा रस्ता बंद केलाय. सगळ्यांनी वर खिंडीकडे निघा. आत्ता. पुढच्या गावातही जायचंय मला." एवढं म्हणून गेला.

मी पावाचे क्रेट रस्त्यावर फेकले आणि सेल्साला आत बसवलं. अमादोर गोठ्याची दारं उघडून गायींच्या पाठीवर थापा मारत रडत होता, "जा गं बायांनो, जा कुठेही." त्यालाही ओढून आणला. मावशी कुठेय? मावशी चर्चकडे चाललेली, पळत नाही, चालत, एप्रनला हात पुसत.

"मावशी! डोकं फिरलंय का? गाडीत बस!"

"आलेच."

आणि घंटा सुरू झाली. दोन्ही एकदम. किती वर्षांनी ऐकली ती मी! माझाच हात दार उघडायला गेला, फांदी तोडायला खाली उतरावं म्हणून. सेल्सा म्हातारी छातीवर क्रूस करत होती. अमादोर म्हणाला, "कोण येणार आहे? आपण तिघं इथेच आहोत." पण त्याचाही हात दाराच्या कडीवर होता.

ती थांबेना. मी मनोऱ्यात शिरले आणि तिचा दंड धरला. ती डोळे मिटून ओढत होती, ओठ दाबलेले.

"अगं बाई, कोणासाठी वाजवतेस? आहे कोण ऐकायला?"

"असं विचारायचं नसतं," ती म्हणाली. "आग लागलीय ना?"

मी तिला जवळजवळ उचलूनच आणली. खिंडीत पोचलो तेव्हा माझ्या फोनवर सरकारी संदेश वाजला: घराबाहेर पडू नका, दारं-खिडक्या बंद ठेवा. अमादोर वेड्यासारखा हसायला लागला. मावशी मात्र मागच्या काचेतून खाली बघत होती. खाली नुसता काळा-तांबडा लोळ.

"आता पोचली असतील माणसं," ती म्हणाली.

"कुठली माणसं, मावशी?"

"असतील कोणी."

कोणी म्हणजे एकच होता. दुसऱ्या दिवशी सापडला, स्मशानाखालच्या वळणावर. खालच्या रस्त्यावर पोलिसांचा अडथळा होता, पण खाणीची जुनी वाट त्याच्याएवढी कोणाला माहीत असणार? तिथून त्याने आपली पांढरी व्हॅन आडवाटेने वर घातली. व्हॅन वळणावर जळून गेलेली. देल्मिरो तिच्यापासून थोडा वर, तिथल्या आटलेल्या तळ्याच्या कोरड्या दगडांत पालथा पडलेला. जाळापेक्षा धुरानेच गेला म्हणाले. हातात कुदळ होती. नळीशिवाय जिन्याच्या चार पायऱ्या न चढणारा माणूस, त्याने गावाकडच्या बाजूला जमीन खरवडायला घेतली होती. चार हात लांबीचा मोकळा पट्टा, सरळ, नीट, जिथे असायला हवा तिथेच. आग त्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली होती. पायात घरातल्या सपाता.

पेनालोंगातली छपरं खाली बसली होती. चर्च दगडी म्हणून राहिलं. मावशीचं घर राहिलं, कारण तिच्या कोंबड्यांनी आणि बटाट्याच्या वाफ्यांनी भोवती काही उगवू दिलं नव्हतं. अमादोर-सेल्साचं उरलं ते नुसतं चूल आणि धुराडं. त्यांचा मुलगा येऊन त्यांना झुरिकला घेऊन गेला. गायींपैकी एक परत आली होती, तिला कोणाच्या स्वाधीन करावं हे न कळून अमादोर निघताना तिला मिठी मारून उभा होता.

देल्मिरोच्या पेटीला खांदा द्यायला माणसं पुरेनात. आयुष्यभर घंटेला पहिला येणारा माणूस, आणि त्याला उचलायला ओदिलो, पाद्र्याचा ड्रायव्हर आणि पथकातली पिवळ्या कोटातली पोरं. त्यांना घाईने पुन्हा कामावर घेतलं होतं. वरातीमागून घोडं. इरियाही आली होती, मागे उभी राहिली. थोरली घंटा मावशीनेच वाजवली. ती वाजवून खाली आली तेव्हा उशिया कबरीपाशी होती. उशिया ओरडली नाही. सरळ विचारलं, "घंटा कशाला वाजवलीस, आत्या?"

उशियाने तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

त्यानंतर इरिया एकदा मावशीकडे गेली होती. मी पाव द्यायला गेले तर दोघी ओट्यावर कोबी-बटाट्याचं सूप पुढ्यात घेऊन बसलेल्या, सूप थंड झालेलं. इरिया सांगत होती, "त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता, मावशी. म्हणजे खालून वर. आवाज उलटा डोंगराकडे जातो. त्यांना घंटा ऐकू आलीच नसणार. धूर दिसला म्हणून ते आले असतील." तिने हे खात्रीने सांगितलं की दयेने, देव जाणे. मावशीने ते बुडत्याने ओंडका धरावा तसं धरलं.

पण धरलं तरी टोचत राहिलं. सबंध वर्ष रोज सकाळी पाव घेतल्यावर ती आता टकटक करेना, विचारायची, "काल खाली वारा कुठला होता गं?" मी म्हणायचे, लक्ष नाही दिलं. "पोन्तेदोरात आमची प्रार्थनेची घंटा ऐकू येते का?" मी म्हणायचे, मावशी, मी भट्टीपाशी असते, मला ओदिलोचं घोरणं तेवढं ऐकू येतं. तिला हसू यायचं नाही. सबंध गावात एकटी. समोर काळे खांब झालेले पाइन, आणि त्यांच्या बुडाशी निलगिरी पुन्हा फुटलेली, आधीपेक्षा दाट. सरकारचे नवे फलक लागले, नव्या नोटिसा निघाल्या, त्याच मेलेल्यांना.

वर्षश्राद्धाची प्रार्थना ठरली तेव्हा ती मला म्हणाली, "दोसिंदा, एक काम कर. प्रार्थनेआधी मी देल्मिरोसाठी थोरली वाजवणार. त्या वेळी तू त्याच्या बाल्कनीत जाऊन उभी राहा. आणि मग वर येऊन मला सांग, ऐकू आली का."

"कशाला, मावशी? आता कशाला?"

"मला झोप येत नाही गं," ती म्हणाली. एवढंच. आयुष्यभर मला भवानी म्हणणारी बाई हात जोडायची तेवढी बाकी होती.

मी गेले. उशियाने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि का आले ते सांगितल्यावर बाजूला झाली. देल्मिरोची खोली तशीच होती, यंत्र मात्र दवाखान्याने परत नेलेलं. बाल्कनीचं दार उघडलं तर तोच वारा, दक्षिणेचा, गरम, घरावरून डोंगराकडे जाणारा. मनात म्हटलं, देवा, एवढं कर, आज बहिरी कर मला. खाली रस्त्यावरून खाणीचे ट्रक चालले होते. समोर डोंगर, अंगठ्याच्या नखाएवढा मनोरा.

पहिला ठोका आला. स्वच्छ. जसा काही शेजारच्या गल्लीतून. मग श्वासाएवढी जागा, आणि दुसरा. ट्रक गेला तरी त्याच्या आवाजाखालून तिसरा.

उशिया माझ्यामागे येऊन उभी राहिली होती. बराच वेळ दोघी ऐकत राहिलो. मग ती म्हणाली, "त्या दिवशी बाबा जेवत होते. घंटा आली तसा त्यांनी चमचा खाली ठेवला. नळी काढून बशीत ठेवली. म्हणाले, ताई. मला वाटलं, फोन करायचाय त्यांना. मी आत फोन आणायला गेले."

ती रडली नाही. मीच रडले. तिने मला तोंड पुसायला पंचा दिला, बाल्कनीचं दार लावलं, आणि म्हणाली, "मी नाही येत वर. आत्याला काही सांगू नकोस माझ्याबद्दल."

घाट चढताना मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. खरं सांगितलं तर ती म्हातारी त्या खोलीत एकटी, त्या चमच्यासकट, मरेपर्यंत जगणार. आणि सांगून कोणाचं काय भलं होणार होतं? देल्मिरो परत येणार होता? स्मशानाखालच्या वळणावर तो चार हात पट्टा अजून दिसतो. त्याच्याकडे न बघता गाडी चढवली.

मावशी चर्चच्या भिंतीला टेकून उभी होती. काळा पोशाख, डोक्याला रुमाल. माझी गाडी थांबायच्या आतच पुढे आली.

"काय गं?"

"काही नाही ऐकू आलं, मावशी," मी म्हणाले. "वारा उलटा, त्यात ते ट्रक. मी कान देऊन उभी होते. एक ठोका नाही. उशियाही होती बरोबर. इरिया बरोबर बोलली. धूर बघून आला असेल तो."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता खांदे सैल पडतील, आता सुटका झाली म्हणेल. मी तिचा हात धरायला पुढे झाले. ती मनोऱ्याकडे वळून वर घंटांकडे बघायला लागली, जशी काही पहिल्यांदाच बघतेय.

"मग," ती हळू म्हणाली, "त्या दिवशी घंटेला कोणीच नाही आलं."

आत पाद्री घड्याळ बघत थांबला होता. मावशीने मनोऱ्यात जाऊन दोर भिंतीच्या खुंटीला नीट गुंडाळून ठेवला आणि आत गेली. प्रार्थना संपताना घंटा यंत्राने वाजवली.

दुसऱ्या दिवशी मी पाव घेऊन पेनालोंगाला गेले. मावशी दारात नव्हती. निळ्या चौकटीची पिशवी कडीला टांगलेली होती. मी तिच्यात पाव टाकला आणि हॉर्न न वाजवता खाली आले.